जहाजावर साइन करायच्या आधी: त्या झेंड्याच्या देशानं कराराची कुठली दुरुस्ती मानलीय हे घरबसल्या कसं बघायचं

मर्चंट नेव्हीत जाणाऱ्या पोरांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी हे लिहितोय, खास करून आपल्या कोल्हापूर, कागल, गडहिंग्लज, शाहूवाडी बाजूच्या. रत्नागिरी-मालवणकडं गावात निदान चार जण दर्यावर जाऊन आलेले असतात, विचारायला माणूस असतो. आपल्याकडं मिलिटरीची वाट घराघरात माहिती आहे पण जहाजाची नाही, मग पोरगं बारावी होतंय, कुणीतरी ओळखीचा "माझा माणूस मुंबईत आहे" म्हणतोय, पतसंस्थेतनं कर्ज निघतंय, आणि ज्या कागदावर पोराचा पगार, परतीचं तिकीट आणि अपघाताची भरपाई अवलंबून आहे तो कागद घरात कुणी उघडून वाचत नाही. याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण तो वाचायला फार शिकलेलं असावं लागत नाही.

मला पोचवायची गोष्ट एकच. जहाजावर तुमचा हक्क काय हे तुम्ही भारतीय आहात यावर कमी ठरतंय आणि त्या जहाजावर कुठल्या देशाचा झेंडा आहे, त्या देशानं कुठला आंतरराष्ट्रीय करार मान्य केलाय आणि त्या कराराच्या कुठल्या वर्षाच्या दुरुस्तीपर्यंत तो देश बांधील आहे, यावर जास्त ठरतंय. "कंपनी चांगली आहे" हे उत्तर नव्हे. झेंडा कुठला, करार कुठला, दुरुस्ती कुठली, हे तीन प्रश्न. मोबाइल, नेट आणि एक मोकळी संध्याकाळ एवढ्यात काम होतं.

पायरी १: जहाजाचा आयएमओ नंबर मागा

नाव नको, नंबर मागा. जहाजाचं नाव बदलतं, मालक बदलतो, झेंडा तर सगळ्यात पटकन बदलतो, पण आयएमओ (आंतरराष्ट्रीय सागरी संघटना) नंबर जहाज बांधल्यापासून भंगारात जाईपर्यंत तोच राहतो. सात आकडी असतो. एजंट म्हणाला "जहाज नंतर ठरेल, आधी पैसे भरा", तर तिथंच थांबा. खरोखर नोकरी असेल तर जॉइन व्हायच्या आधी जहाज ठरलेलं असतंच.

नंबर खोटा आहे का हे कागद-पेन घेऊन पण तपासता येतं. पहिल्या सहा आकड्यांना क्रमानं ७, ६, ५, ४, ३, २ नं गुणायचं, बेरीज करायची, बेरजेचा शेवटचा आकडा आणि नंबरातला सातवा आकडा सारखा आला पाहिजे. नुसतं गणित समजावं म्हणून ९०७४७२९ घ्या: ६३ अधिक ० अधिक ३५ अधिक १६ अधिक २१ अधिक ४ म्हणजे १३९, शेवटी ९, नंबराचा शेवट पण ९, जुळलं. जुळलं म्हणजे जहाज चांगलं असं नाही, पण जुळलं नाही तर तो नंबर चुकीचा आहे हे नक्की.

पायरी २: झेंडा शोधा

इक्वेसिस नावाची वेबसाइट आहे, फुकट रजिस्टर करता येतं, नंबर टाकला की सध्याचा झेंडा, मालक, मॅनेजर, आधी कुठल्या बंदरात तपासणी झाली आणि जहाज अडवून ठेवलं होतं का, हे सगळं दिसतं. विमा कुठल्या पी अँड आय क्लबचा (जहाजमालकांना विमा देणारी संस्था) आहे ते पण बऱ्याच वेळा दिसतं, ते लिहून ठेवा, पुढं लागणार आहे. आयएमओची स्वतःची गिसिस म्हणून साइट आहे तिथं पण फुकट खातं काढून जहाज बघता येतं. दोन्हीकडं बघा, झेंडा वेगवेगळा दिसला तर कंपनीला सरळ विचारा.

बहुतेक वेळा पनामा, लायबेरिया नाहीतर मार्शल आयलंड्स निघेल, टनेजनं (जहाजांच्या आकारमानानं) बघितलं तर जगात सगळ्यात जास्त नोंदणी याच तिघांकडं आहे, त्यामुळं घाबरायचं कारण नाही, तिघांनीही खलाशांच्या हक्काचा मुख्य करार मान्य केलेला आहे. भारतीय झेंडा निघाला तर पायरी ५ नीट वाचा.

पायरी ३: करार कुठला आणि दुरुस्ती लागू कशी होते ते समजून घ्या

ही पायरी मोठी आहे पण सोडू नका, बाकी सगळं हिच्यावर उभं आहे.

समुद्रावरचे करार मुख्यतः दोन ठिकाणी होतात. लंडनला आयएमओ, तिथं सुरक्षेचा सोलास १९७४, प्रदूषणाचा मार्पोल, ट्रेनिंग आणि सर्टिफिकेटचा एसटीसीडब्ल्यू १९७८. आणि जिनिव्हाला आयएलओ (आंतरराष्ट्रीय कामगार संघटना), तिथं मेरिटाइम लेबर कन्व्हेन्शन २००६, ज्याला सगळे एमएलसी म्हणतात. पगार, कामाचे तास, सुट्टी, घरी परत पाठवणं, जेवण, आजारपण हे सगळं एमएलसीत आहे, म्हणून नव्या पोराच्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाचा करार हाच. तो २३ फेब्रुवारी २००६ ला मंजूर झाला आणि २० ऑगस्ट २०१३ ला जगात लागू झाला, म्हणजे मधे सात वर्षं गेली. का गेली? कारण मूळ करार लागू व्हायला किमान ३० देशांनी मान्यता द्यायची आणि त्यांच्याकडं जगातल्या जहाजांच्या एकूण टनेजपैकी ३३ टक्के असलं पाहिजे अशी अट होती, आणि नंतर आणखी एक वर्ष थांबायचं.

मूळ कराराला देशानं स्वतःहून हो म्हणावं लागतं. जहाजं तोडायच्या कामाचा हाँगकाँग करार बघा, २००९ ला झाला, भारतानं २०१९ ला मान्य केला (अलंगमुळं आपल्यासाठी तो फार मोठा विषय), आणि लागू झाला २६ जून २०२५ ला. मधल्या सोळा वर्षांत तिथं किती कामगारांनी आयुष्य काढलं असेल विचार करा.

दुरुस्त्यांना पण असंच प्रत्येक देशाचं हो घेत बसलं तर काय होतं ते पण एकदा झालेलं आहे. १९६० च्या सोलास करारात १९६६ पासून पुढं सहा वेळा दुरुस्त्या केल्या, दोन तृतीयांश देशांनी लेखी मान्य करायच्या होत्या, आणि एकही दुरुस्ती लागू झाली नाही. कागदावर सुधारणा आणि समुद्रावर जुनंच. म्हणून १९७४ च्या सोलासमधे उलटी पद्धत आणली: दुरुस्ती मंजूर झाली की एक मुदत द्यायची, त्या मुदतीत पुरेशा देशांनी लेखी हरकत घेतली नाही तर दुरुस्ती मान्य धरायची. आपल्याकडं सोसायटीच्या नोटिशीत असतंय ना, पंधरा दिवसांत हरकत न आल्यास ठराव मंजूर समजण्यात येईल, तसंच.

एमएलसीत दोन्ही वाटा आहेत. वरचे नियम बदलायचे असतील तर परत देशांची लेखी मान्यता लागते. पण आतली जी संहिता आहे, ज्यात रोजच्या कामाचे बारीक नियम असतात, ती हरकतीच्या पद्धतीनं बदलते. सरकार, जहाजमालक आणि खलाशी या तिघांची समिती दुरुस्ती ठरवते, आयएलओची वार्षिक परिषद दोन तृतीयांश मतांनी मंजूर करते, मग साधारण दोन वर्षांची मुदत. करार मानणाऱ्या देशांपैकी ४० टक्क्यांपेक्षा जास्त देशांनी, आणि त्यांच्याकडं करारातल्या जहाजांचं किमान ४० टक्के टनेज असेल तर, हरकत घेतली तरच दुरुस्ती पडते. नाहीतर मुदत संपल्यावर सहा महिन्यांनी लागू. उदाहरण म्हणजे २०२२ च्या जूनमधे मंजूर झालेली दुरुस्ती २३ डिसेंबर २०२४ ला लागू झाली, हिशोब करून बघा, दोन वर्षं आणि सहा महिने.

आता नवीन माणूस इथं फसतो. दुरुस्ती जगात लागू झाली म्हणजे तुमच्या जहाजाच्या झेंड्यावर लागू झालीच असं नाही. एखादा देश मुदतीत स्वतःपुरती लेखी हरकत नोंदवू शकतो, किंवा "आम्ही वेगळं कळवल्याशिवाय आम्हाला लागू नाही" असं आधीच सांगून ठेवू शकतो. आणि दुरुस्ती मंजूर झाल्यावर पण लागू व्हायच्या आधी ज्या देशानं मूळ करार मान्य केला, त्याला त्या दुरुस्तीबद्दल वेगळं कळवावं लागतं. भारताचं असंच आहे बघा: २०१४ च्या जूनमधे दुरुस्ती मंजूर, १८ जानेवारी २०१७ ला लागू, आणि भारतानं एमएलसीला मान्यता दिली ९ ऑक्टोबर २०१५ ला, म्हणजे बरोबर मधल्या काळात. म्हणून नुसतं "भारतानं एमएलसी मानलंय" हे वाचून थांबायचं नाही, दुरुस्तीची ओळ वेगळी वाचायची.

पायरी ४: त्या देशाचं पान उघडा

आयएलओची नॉर्मलेक्स म्हणून साइट आहे, सगळ्यांना खुली, खातं वगैरे काढावं लागत नाही. देशानुसार करारांची यादी उघडा, झेंड्याचा देश निवडा, एमएलसी २००६ शोधा. मूळ कराराची तारीख दिसेल आणि २०१४, २०१६, २०१८, २०२२ या दुरुस्त्या वेगवेगळ्या दिसतील, प्रत्येकीसमोर लागू आहे, लागू नाही, का देशाकडून कळवणं बाकी आहे ते लिहिलेलं असतंय. साइट इंग्लिशमधे आहे, घरात कुणाला अडलं तर गल्लीतलं कॉलेजचं एखादं पोरगं बसवा शेजारी. स्क्रीनशॉट काढून ठेवा, तारखेसकट.

देशाच्या पानावर एमएलसीच नाही असं निघालं तर? अमेरिकेनं आजपर्यंत मानलेलं नाही, असे आणखी पण देश आहेत. एक आधार तरी राहतो, की करार मानणाऱ्या देशाच्या बंदरात ते जहाज आलं तर तिथले तपासनीस त्याला करार न मानल्याची सवलत देत नाहीत, त्याच मापानं तपासतात. पण जहाज अशा बंदरात यायला तर पाहिजे. पहिल्याच नोकरीला असं जहाज घेऊ नका हे माझं स्पष्ट मत आहे, अनुभव झाल्यावर काय करायचं ते करा.

आणि मासेमारीची बोट, पारंपरिक बांधणीची गलबतं, हे एमएलसीत येतच नाही. आखातात "छोटी बोट आहे, लगेच जागा आहे" म्हणून पोरं नेतात, तेव्हा बोट नक्की कसली हे आधी विचारा.

दुरुस्त्यांमधे तुमच्या कामाचं काय आहे

२०१४ ची सगळ्यात मोठी, हिच्याविषयी घरच्यांना पण सांगून ठेवा. मालकानं जहाज आणि माणसं वाऱ्यावर सोडली तर काय, याची ही दुरुस्ती. जहाजासाठी विमा किंवा तशी आर्थिक हमी घेऊन ठेवावी लागते, त्यातनं खलाशाचं घरी परतणं, खाणं-पाणी-औषध आणि जास्तीत जास्त चार महिन्यांचा थकलेला पगार निघतो. कामावर मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर कराराप्रमाणे भरपाईची हमी पण यातच. त्या हमीचं सर्टिफिकेट जहाजावर सगळ्यांना दिसेल असं लावलेलं असलं पाहिजे, जॉइन झाल्यावर पहिल्या आठवड्यातच त्याचा फोटो काढा.

यातले दोन आकडे पाठ करा. किमान दोन महिने कराराचा पगार दिला नाही आणि मालकानं संबंध तोडल्यासारखं केलं तर ते "सोडून दिलं" या व्याख्येत बसतंय. आणि हमी मिळते ती चारच महिन्यांच्या पगाराची. म्हणजे "थांब रे, पुढच्या बंदरात देतील" म्हणत जो आठ महिने थांबतो त्याचे चार महिने हमीच्या बाहेर जातात आणि ते मालकाच्या मागं लागून वसूल करायचे. पोरं लाजतात, कंपनी नाराज होईल, परत जहाज देणार नाही म्हणून गप्प बसतात, घरी पण सांगत नाहीत. असं करू नका. अलीकडच्या वर्षांत जगात सोडून दिलेल्या खलाशांमधे भारतीयांची संख्या सगळ्यात वर आहे.

२०१६ ची ८ जानेवारी २०१९ ला लागू झाली, तिच्यात जहाजावरची छळवणूक आणि दादागिरी हा सुरक्षेचा विषय धरला. २०१८ ची २६ डिसेंबर २०२० पासून: चाच्यांनी पकडून ठेवलं तर त्या काळात नोकरीचा करार संपत नाही, मुदत संपली असली तरी, आणि पगार घरी चालू राहतो. हे कागदी वाटत असेल तर आठवा, सप्टेंबर २०१० मधे सोमाली चाच्यांनी पकडलेल्या अस्फाल्ट व्हेंचर जहाजावरचे सात भारतीय ऑक्टोबर २०१४ मधे सुटले. चार वर्षं. घर कशावर चालवायचं?

२०२२ च्या दुरुस्तीत चांगलं पिण्याचं पाणी फुकट, अंगाला नीट बसणारी सुरक्षेची साधनं (मुली आता जहाजावर जायला लागल्यात, त्यांच्यासाठी हे फार गरजेचं), घरी बोलायला शक्य तिथं इंटरनेट, आणि आणखी एक: भरती करणाऱ्या एजन्सीनं तिच्या चुकीमुळं किंवा मालकामुळं तुमचं नुकसान झालं तर भरपाईची काय व्यवस्था आहे हे तुम्हाला सांगायचं. तेव्हा साइन करायच्या आधी विचारा, हा तुमचा हक्क आहे. २०२५ च्या जूनमधे आणखी दुरुस्त्या मंजूर झाल्यात, त्या अजून हरकतीच्या मुदतीत आहेत, म्हणून आज त्यांच्या भरवशावर राहू नका.

ट्रेनिंगचं पण एक सांगतो. एसटीसीडब्ल्यूची २०२४ ला मंजूर झालेली दुरुस्ती १ जानेवारी २०२६ पासून लागू आहे, तिच्यामुळं पीएसएसआर या बेसिक कोर्समधे छळ आणि लैंगिक अत्याचार कसा रोखायचा, काय करायचं, हे शिकवायचं आहे. फी भरताना संस्थेला विचारा की कोर्स नव्या अभ्यासक्रमाचा आहे का.

पायरी ५: भारताच्या बाजूनं काय होतं

आपल्या देशात करारावर सही झाली की आपोआप कायदा होत नाही. बंदरं, जहाजवाहतूक आणि जलमार्ग मंत्रालय प्रस्ताव करतं, केंद्रीय मंत्रिमंडळ मान्यता देतं, मान्यतेचा दस्तऐवज लंडनला नाहीतर जिनिव्हाला जमा होतो, आणि देशात अंमल करायला कायदा लागला तर संसद घटनेच्या कलम २५३ खाली करते. एमएलसीच्या वेळी क्रम असा होता: २०१४ ला मर्चंट शिपिंग कायद्यात बदल, २०१५ ला मान्यता, २०१६ ला नियम, आणि ९ ऑक्टोबर २०१६ पासून भारतावर करार बंधनकारक. १९५८ च्या जुन्या कायद्याच्या जागी नवा मर्चंट शिपिंग कायदा ऑगस्ट २०२५ ला संसदेत मंजूर झालाय. रोजच्या कामाला मात्र मुंबईच्या डीजी शिपिंगची (केंद्र सरकारचं जहाजवाहतुकीचं कार्यालय) सर्क्युलर बघायची, त्यांच्या साइटवर असतात.

त्याच साइटवर आरपीएसएल लायसन्स (खलाशी भरतीचा परवाना) असलेल्या एजन्सींची यादी आहे. तुमच्या एजंटचं नाव आणि लायसन्स नंबर तिथं शोधा, लायसन्स आज चालू आहे का बघा. एजंट "आमचं मुंबईच्या अमुक कंपनीशी टायअप आहे" म्हणाला तर त्या कंपनीला यादीतल्या नंबरवर तुम्ही स्वतः फोन लावा, एजंटनं दिलेल्या नंबरवर नको. आणि हे मोठ्या अक्षरात लिहून घरात चिकटवा: नोकरी लावायचे पैसे खलाशाकडनं घ्यायला एमएलसीत बंदी आहे. मेडिकल, सीडीसी (खलाशाचं ओळखपुस्तक) आणि पासपोर्टचा खर्च तुमच्यावर येऊ शकतो, व्हिसाचा मात्र मालकावर. मग ते लाखाचे आकडे कशाचे?

पायरी ६: करारपत्र वाचा

जहाजावरच्या नोकरीचा जो करार असतो त्याला एसईए (सीफेअरर्स एम्प्लॉयमेंट ॲग्रीमेंट) म्हणतात, तो साइन करायच्या आधी नीट वाचायचा, कुणाचा तरी सल्ला घ्यायचा तुम्हाला हक्क आहे. "इथंच बसून सही कर, गाडी थांबलीय" असं कुणी म्हणालं तर सही करू नका. मालकाचं नाव-पत्ता आहे का, पगार आकड्यात आहे का, घरी पाठवायचा खर्च कुणाचा, जहाजाचं नाव पायरी १ मधल्या नंबराशी जुळतंय का. विश्रांती २४ तासांत किमान १० आणि आठवड्यात ७७ तास. सलग नोकरी बारा महिन्यांच्या आत संपून घरी यायचा हक्क.

पायरी ७: काही बिनसलं तर

आधी जहाजावरच लेखी तक्रार, तिची पद्धत प्रत्येक जहाजावर असावी लागते, आणि तक्रार केली म्हणून त्रास द्यायला बंदी आहे. ऐकलं नाही तर बंदरातले तपासनीस, झेंड्याच्या देशाचं कार्यालय, डीजी शिपिंग, आणि युनियन: नुसी (खलाशांची), एमयूआय (अधिकाऱ्यांची) किंवा आयटीएफचा (वाहतूक कामगारांचा आंतरराष्ट्रीय महासंघ) त्या बंदरातला इन्स्पेक्टर. सर्टिफिकेटवर विमा क्लबचा नंबर असतो, तिथं थेट पण कळवता येतं. तो विमा रद्द करायचा असेल तर क्लबला झेंड्याच्या देशाला किमान ३० दिवस आधी कळवावं लागतं, म्हणून "विमा कालच संपला" असं कॅप्टन म्हणाला तरी क्लबला मेल टाकाच.

घरी एक फाइल ठेवा: पासपोर्ट, सीडीसी, करारपत्र यांच्या झेरॉक्स, आयएमओ नंबर, झेंडा, विमा क्लबचं नाव, नॉर्मलेक्सचा स्क्रीनशॉट. पोराचा फोन लागेना झाला तर वडिलांना दसरा चौकातनं कलेक्टर ऑफिसला जाऊन नुसतं "पोरगं जहाजावर आहे" एवढंच सांगावं लागू नये, हातात नंबर असला की पुढचा माणूस पण लगेच कामाला लागतो. आणि कॉन्ट्रॅक्ट चालू असताना जहाज विकलं गेलं, झेंडा बदलला असं कळलं तर पायरी २ पासून परत सगळं बघा, कारण नव्या झेंड्याच्या देशानं २०१४ ची ओळ मानलीय का नाही हे जुन्या स्क्रीनशॉटवर दिसणार नाही.